शाळेची मेंढी

वडगाव रासाईच्या तानुबाईला राग आला की ती ओरडायची नाही. तिचा आवाज उलट खाली उतरायचा. डोक्यावरचा पदर ती दोन्ही कानांमागं खोचायची आणि समोरच्याला एकच प्रश्न विचारायची. उत्तर मिळेस्तोवर तोच प्रश्न, तसाच, त्याच आवाजात. नवरा वारला तेव्हा दीर मेंढरांत वाटा मागायला आला होता. "माझ्या भैरूला काय खायला घालशील?" एवढंच ती विचारत राहिली. दीर दुपारी आला होता, दिवे लागायच्या आत उठून गेला आणि पुन्हा वाट्याचं नाव काढलं नाही.

नदीपलीकडं, केडगाव स्टेशनकडं जाणाऱ्या वाटेवर एक हायस्कूल आहे. खासगी मंडळाचं. त्या मंडळाचं नाव इथं घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्यांच्यातला कुणीतरी फेटा बांधून सत्काराला उभा राहतो, अशी त्यांची सवय आहे. शाळेच्या दारात काळ्या दगडावर देणगीदारांची नावं कोरली आहेत. दौंडचा गुळाचा अडत्या आहे, रेल्वेचा ठेकेदार आहे, आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांहून मोठ्या अक्षरांत, अध्यक्ष हौसराव आहेत. तानुबाईचं नाव त्यात नाही, आणि तिला ते नकोच होतं. पण वरच्या नावांपैकी बहुतेकांच्या पोटात तिची मेंढरं गेली, हे कोरायला तेवढा दगड पुरला नाही. म्हणून ते सांगितलं पाहिजे.

तानुबाई जातीची धनगर. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कळप घेऊन मावळातून घाट उतरायचा, कोकणात लोकांच्या भातखाचरांत मेंढरं बसवायची आणि जेठात परत यायचं. मेंढरं बसवायची म्हणजे रात्रभर शेतात कोंडून ठेवायची. जाळीची वाघर लावायची, आत कळप, बाहेर कुत्री. सकाळपर्यंत लेंडीमुताचं खत रानात पडतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. पावसाळ्यात वडगावला आणि नदीपलीकडं शाळूची, म्हणजे हिवाळी ज्वारीची, रानं मोकळी असायची, तेव्हा तिथं बसवायची. हे सगळं चालतं ते चालत राहिल्यानं. जो चालतो त्याचं पोर शाळेत कसं बसणार? धनगराचं पोर पावसाळ्यात चार अक्षरं गिरवायचं आणि उन्हाळ्यात घाटात विसरून यायचं.

तानुबाईची नात गिता मात्र विसरायची नाही. ती तव्यामागच्या काजळीनं घोड्याच्या खोगिरावर अक्षरं काढायची. धुरपदानं, म्हणजे तिच्या आईनं, त्यावरून तिला दोनदा बडवलं. तानुबाईनं सुनेला काही म्हटलं नाही, पण पुढच्या मुक्कामाला खोगीर पुसलंही नाही.

एकदा जाताना कळप केडगावाशी थांबला होता. तिथल्या मिशनच्या आवारात टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या बायका आणि पोरी राहायच्या. तानुबाई पाणी मागायला आत गेली आणि तिनं पाहिलं, की खोल्यांत पोरी राहतात, तिथंच जेवतात, तिथंच शिकतात. आई नाही, बाप नाही, कळप नाही, आणि पोरी पुस्तक धरून बसल्यात. ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर भैरूला म्हणाली, "आपल्या पोरास्नी बी अशी एक खोली पायजे. आपुन जाऊ घाटात, पोरं ऱ्हातील हितं. आमची रंगू हाय की रांधायला." रंगुबाई तिची बहीण. गुडघ्यांनी अधू झालेली, कळपामागं चालू न शकणारी.

"आई, तिथं ठेवली तर किरिस्ताव करत्यात म्हणं," भैरू म्हणाला.

"मंग आपुन आपली करू की एक. कोण नको म्हणतंय?" तानुबाई म्हणाली.

चोपन्न साल असेल. त्या पावसाळ्यात मंडळाची माणसं बैलगाड्या जुंपून वडगावला आली. नव्या इमारतीसाठी मदत गोळा करायची होती. पुढं ताशा, मागं हौसराव. हौसराव नदीपलीकडचे पाटील, बागायतदार, रुंद छातीचे, बोलायला गोड. चावडीपुढं सतरंज्या टाकल्या, शाळेचे जालिंदर गुरुजी शिक्षणाचं महत्त्व सांगायला उभे राहिले आणि कुणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते सांगितलं. मग देणग्या पुकारायला सुरुवात झाली. कुणी तुळया दिल्या, कुणी चुना दिला. दर नावाला टाळ्या, दर नावाला ताशा.

बायका लांब लिंबाखाली उभ्या होत्या. तिथून तानुबाई चालत आली. काखेत एक तरणी मेंढी होती, काळ्या तोंडाची. सतरंजीच्या कडेला थांबून ती म्हणाली, "ही शाळंला."

लोक हसले. हौसरावही हसले, पण माणूस हुशार, लगेच म्हणाले, "वा! मेंढीसुद्धा शाळेत निघाली. घ्या रे घ्या, दान कधी लहान नसतं."

तानुबाई हसली नाही. तिनं कमरेची पिशवी सोडली, मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला, आणि कात्रीनं तिच्या डाव्या कानाला काप दिला. देवाला मेंढी सोडतात ती अशी. धनगरांत ज्याला त्याला हे ठाऊक आहे. सोडलेली मेंढी देवळात नेऊन बांधत नाहीत. ती सोडणाऱ्याच्याच कळपात राहते, त्याच्याच कुत्र्यांच्या राखणीत वाढते. पण तिची लोकर देवाची, तिची कोकरं देवाची, कोकरांची कोकरं देवाची. ती कापायची नाही, खाटकाला द्यायची नाही. लांडग्यानं नेली तर घरच्यातली भरायची. देवाला गरज पडेल तेव्हा दुसऱ्या मेंढपाळाला विकून देऊळ बांधायचं.

"पाटील, पाठीवर हात ठिवा तिच्या," तानुबाई म्हणाली. "आन् म्हणा, शाळंची म्हणून घेतली."

हौसरावांनी हात ठेवला. "शाळेची म्हणून घेतली," ते म्हणाले. ताशेवाल्यानं ताशा वाजवला आणि मेंढी दचकली.

"आन् हिच्या येलातनं एक खोली. धनगराच्या पोरास्नी ऱ्हायाला."

"अगं, एक काय, दोन बांधू," हौसराव म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

बस, एवढंच झालं होतं. मंडळाच्या लेखी ती एक गंमत होती. संध्याकाळपर्यंत ते विसरले. तानुबाईच्या लेखी एका मोठ्या माणसानं चारचौघांत जनावराच्या पाठीवर हात ठेवून शब्द उच्चारला होता. असा शब्द मोडता येतो, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तिच्या लोकांत ते कुणी कधी केलं नव्हतं.

चार वर्षं ती मेंढी घाट उतरली आणि चढली. तिला कोकरं झाली, त्या कोकरांचे डावे कान कापले गेले. सगळा कळप ओळखायचा, ही शाळेची. ओला चारा पहिला शाळेच्यांना. लोकर कातरली की शाळेची वेगळ्या पोत्यात. एका साली माळशेजच्या अलीकडं लांडगा आला आणि शाळेचंच एक मेंढरू नेलं. तानुबाईनं सकाळी आपल्या कळपातली सगळ्यात दुभती मेंढी धरली आणि तिचा कान कापला. भैरूनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

"ती तुझ्या पोरीसाठीच हाय," तानुबाई त्याला म्हणाली.

"खोली कुठं हाय आई आजून?"

"पाटलांनी हात ठिवलाय."

अठ्ठावन्नच्या दिवाळीआधी इमारतीच्या भिंती वर चढल्या होत्या. तानुबाईनं शाळेची सगळी मेंढरं वेगळी केली, होडीतून दोन-दोन, तीन-तीन करून नदीपार नेली आणि शाळेच्या मागं बाभळीखाली उभी केली. आता हा चांगला छोटा कळप झाला होता. जालिंदर गुरुजी बाहेर आले. तिनं त्यांना समजावलं. शिरूरच्या बाजारी न्या, खाटकाला नको, पाळणाऱ्याला द्या, काळ्या तोंडाची म्हातारी हाय ती तेवढी ठेवून घ्या, आणि आलेल्या पैशातनं खोली घाला. गिता पावसाळ्यात पाचवीला बसेल. गुरुजींनी मान हलवली. हौसराव घोडीवरून जात होते, त्यांनीही वरूनच हात केला, "सगळं बघतो. तू जा निर्धास्त." आणि ती निर्धास्त गेली, घाटाखाली, आठ महिने.

धनगर गावात नसतात तेव्हा गावाला धीट व्हायला काही लागत नाही.

जेठात ती परत आली तेव्हा शाळा उभी होती. कौलं लाल, भिंती पांढऱ्या, दारात तो काळा दगड. गिताला नवं परकर-पोलकं शिवलं होतं. रंगुबाई आपली तवा-परात घेऊन निघायच्या तयारीत बसली होती. तानुबाई नातीचा हात धरून शाळेत गेली आणि खोली शोधू लागली. एका टोकाला एक खोली होती खरी. आत गालिचा, गोल टेबल, खुर्च्या, आणि अडत्याच्या बापाची तसबीर. दारावर पाटी. गितानं ती वाचली, "मंडळाचे कार्यालय."

"मेंढरं कुठं हायत?" तानुबाईनं गुरुजींना विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "अध्यक्षांना विचारा," ते म्हणाले.

विचारायच्या आधीच तिला कळलं. तिच्या वाड्यावर, म्हणजे माळावरच्या पालांपाशी, दुसऱ्याच दिवशी सुभान मुलाणी आला. नदीपलीकडच्या गावचा. गावात बकरं कापायचं तर सुरी त्याची, पिढ्यान्‌पिढ्या. पालांतली सगळी माणसं गोळा झाली, त्यांच्यादेखत तो लांबच बसला, पाणीही घेतलं नाही त्यानं.

"बाई, मला ठावं न्हवतं म्हणलं तर खोटं हुईल," सुभान म्हणाला. "उद्घाटनाला पुण्याचे पावणे आलते. मला बोलावलं. पहिल्याचाच कान बघितला आन् मी सुरी खाली ठिवली. म्हणलं, पाटील, ही कुणाच्या तरी देवाची हायती. तर म्हणाले, शाळंची हायती, शाळंचा अध्यक्ष कोण? मीच ना? काप. माझी बी पोरं तेंच्या रानात कामाला जात्यात. कापलं मी."

"सगळी?"

"त्या दिशी चार-पाच. मंग तपासणीला साहेब आला तवा एक. पाटलांच्या नातवाच्या बारशाला दोन. दगडावर नाव लागलं म्हणून अडत्या खूश झाला, तेला एक जिवंत धाडली. अशी एकेक करून. काळ्या तोंडाची म्हातारी व्हती, ती होळीला गवंड्यास्नी दिली. चिवट हाय म्हणून कुणी घेईना."

त्यानं आपल्या वाट्याचं कातडं तसंच वाळवून ठेवलं होतं, विकलं नव्हतं. ते तिच्यापुढं टाकून तो गेला. काळ्या तोंडाच्या म्हातारीचं होतं ते. कानासकट.

लांडग्यानं चार वर्षांत एक नेलं. ज्यांना आपण शहाणी माणसं म्हणतो, शाळा काढणारी, गांधीटोपी घालून भाषण करणारी, त्यांनी एका हिवाळ्यात उरलेली सगळी खाल्ली आणि वर ढेकर देऊन आपलं नाव दगडावर घातलं. लांडगा निदान टाळ्या वाजवायला सांगत नाही.

तानुबाईनं पदर कानांमागं खोचला आणि नदीपार गेली. हौसराव ओट्यावर पान लावत होते.

"शाळंची मेंढरं कुठं हायत?" तिनं विचारलं.

"अगं बाई, दान दिलंस ना तू? दिलेल्या दानाची चौकशी करायची नसते. शाळेच्या कामाला आलेले पाहुणे, शाळेच्या मेंढरांवर जेवले. शाळेचंच काम झालं."

"पाठीवर हात ठिवून काय म्हणला व्हता?"

"शाळेची म्हणून घेतली म्हणालो. आणि शाळेचीच म्हणून खाल्ली. खोटं बोललो का?"

ओट्यावरची माणसं हसली. पानाचा चुना तळहातावर मळत हौसरावही हसले. त्यांना स्वतःचं उत्तर फार आवडलं होतं. तानुबाईनं तो प्रश्न पुन्हा विचारला, आणि पुन्हा. शेवटी हौसरावांनी गड्याला सांगितलं, "हिला शेरभर बाजरी दे आणि वाटेला लाव." बाजरी तिनं घेतली नाही.

आषाढात बिरोबाच्या माळावर दोन्ही काठांचे धनगर जमले. ज्योतिबा आबा सगळ्यांत वडीलधारे, त्यांच्यासमोर तानुबाईनं ते कातडं पसरलं. देवाची मेंढी खाणाऱ्याच्या रानात मेंढरू बसत नाही, ही रीत जुनीच होती. पण कुणी बसल्या जागेवरून शंका काढली, "शाळा म्हंजी काय देव हाय व्हय आबा?"

ज्योतिबा आबांनी तानुबाईकडं पाहिलं.

"देवाला मी डोळ्यानं पायलेलं न्हाई," ती म्हणाली. "केडगावात पोरी शिकताना पायल्यात."

आबांनी निकाल दिला. ज्यानं हात ठेवला त्याच्या, आणि जे पंगतीला बसले त्यांच्या, कुणाच्याच रानात वाघर लावायची नाही. खोली होईस्तोवर. आणि ज्यानं खाल्ली त्यानं चारचौघांत तोंडानं कबूल करीस्तोवर.

त्या पावसाळ्यात नदीपलीकडं गंमत झाली. दरवर्षी शाळूच्या रानांसाठी कळप मिळावेत म्हणून शेतकऱ्यांची चढाओढ असायची. त्या साली कळप आले, नदी ओलांडली आणि गरिबांच्या, ज्यांना पंगतीला कुणी बोलावलं नव्हतं त्यांच्या तुकड्यांत बसले. हौसरावांच्या बांधावरून मेंढरं जायची, पण आत पाय टाकायची नाहीत. गडी दुप्पट धान्य बोलला, कुणी थांबलं नाही. "खताची पोती आणू की सरकारी," हौसराव म्हणाले. आणली, ऊस काळाभोर झाला. पण शाळूचं रान कोरडवाहू. ओल नसताना टाकलेलं ते पांढरं खत तसंच पडून राहिलं, आणि माघात हौसरावांचा शाळू गुडघ्याच्या वर उठेना. पंगतीला बसलेल्या प्रत्येकाचं तेच. ज्यांनी एक वेळ रस्सा ओरपला होता, त्यांना त्याची चव आता वर्षभर आठवत राहिली.

पण या सगळ्यात गिताचं काय झालं ते ऐका. कारण सगळं होतं तिच्यासाठी.

जेठात तिचं नाव पाचवीत घातलं होतं. पावसाळाभर ती नदीला पाणी कमी असेल तेव्हा होडीनं गेली. दिवाळी झाली, कळप निघाला. मागं राहायला खोली नाही, मग रंगुबाई नाही आणि गिताही नाही. भैरू आईला म्हणाला, "आता काय करायचं? पोरगी तरी किती दिस अशी फिरवायची? ओतूरकडच्या पावण्यांचा निरोप आलाय." आजवर तानुबाईकडं एक उत्तर असायचं, ती शाळंत ऱ्हानार हाय. ते उत्तर होळीला गवंड्यांनी खाल्लं होतं. ती तरी दोन महिने नको म्हणत राहिली. कशाच्या जोरावर म्हणणार? वैशाखात परतीच्या वाटेवर, मावळात, दुसऱ्यांच्या पालांपुढं गिताला हळद लागली. गितानं परकर-पोलकं घडी करून आजीकडं दिलं. ते एका पावसाळ्यापुरतंच वापरलेलं होतं.

आणि त्याच जेठात मंडळाचा धीर सुटला. नवं राज्य झालं होतं, हौसरावांना पुढं कुठं कुठं उभं राहायचं होतं, आणि बांधाबांधावर लोक विचारू लागले होते. गोल टेबल हललं, गालिचा गुंडाळला गेला, अडत्याच्या बापाची तसबीर गुरुजींच्या घरी भिंतीला लागली. शेजारी चूल घालून दिली. आषाढात खोली उघडायचा समारंभ ठरला. धनगरांची पोरं आपापली घोंगडी घेऊन रांगेत उभी होती. रंगुबाई चुलीपाशी होती. खुर्च्यांची एक ओळ होती आणि तीत तानुबाईसाठीही एक खुर्ची होती. ती तीवर बसली नाही.

हौसराव बोलायला उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिला तुम्ही म्हणाले. "तानुबाईंसारख्या दानशूर माउलीच्या मेंढरांतून ही खोली उभी राहिली. मधे काही गैरसमज झाले, झालं गेलं गंगेला मिळालं. मी त्यांना शाल देतो."

शाल पुढं आली. तानुबाईनं पदर कानांमागं खोचला. जमलेल्या धनगरांना कळलं, आता काय होणार ते.

"मेंढरांतून न्हाई," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की मागची माणसं पुढं सरकली. "मेंढरं तुमी खाल्ली. ही खोली तुमच्या रानानं दिली, उपाशी ऱ्हाऊन. आता सांगा, आमच्या गिताला कुठं बसवू?"

"बसवा ना. एका पोरीला जागा नाही का इथं? पुढच्या वर्षी आणा."

"ती सासरी मेंढरं राखतीया. जवा खोली मागितली तवा ती हितं व्हती. आमच्या गिताला कुठं बसवू?"

शाल हौसरावांच्या हातात तशीच लोंबत राहिली. तानुबाई पुढं गेली, रांगेतल्या पोरांना एकेकाला खांद्याला धरून आत लोटलं, सगळी आत गेल्यावर दार ओढून घेतलं आणि नदीकडं चालू लागली. तोंडानं कबूल करायचं राहिलंच. पण पोरं आत बसली होती, आणि ज्योतिबा आबा म्हातारे झाले होते. त्यांनी बाकीच्यांना मोकळं केलं. दुसऱ्या पावसाळ्यापासून हौसरावांच्या रानात पुन्हा कळप बसू लागले.

तानुबाईचा बसला नाही. वर्षाला एकदा हौसरावांचा माणूस तिच्याकडं यायचा. नदीकाठच्या सगळ्या कळपांत तिचा सगळ्यात मोठा होता आणि तिची मेंढरं जिथं बसतील तिथं शाळू पुरुषभर व्हायचा. माणूस तिप्पट धान्य सांगायचा. ती विचारायची, "गिताला कुठं बसवू?" माणूस बिचारा नवा असायचा, त्याला वाटायचं म्हातारीला भ्रम झालाय. जुन्यांना ठाऊक होतं. दर जेठात कोकणातून आल्यावर ती पहिल्यांदा त्या खोलीवर जायची, दारात उभी राहून पोरांवर नजर फिरवायची, रंगुबाईशी दोन शब्द बोलायची आणि निघायची. आत पाऊल टाकायची नाही. धनगरांची त्या खोलीतून शिकलेली पहिली पोरं पुढं तलाठी झाली, मास्तर झाली. ती भेटली की म्हातारीच्या पाया पडायची. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवायची.

सहासष्ट सालच्या भाद्रपदात हौसराव स्वतः आले. निवडणूक ते हरले होते, डाव्या पायानं लंगडत होते, एकुलता मुलगा पुण्याला राहायला गेला होता. होडीतून उतरून ते काठीवर भार देत माळ चढले. तानुबाई पालापुढं वाघरीची तुटलेली गाठ बांधत होती. आसपास कुणी नव्हतं, भैरू कळपामागं होता. तिनं त्यांना घोंगडी टाकली, पाणी दिलं. दारात आलेल्याला पाणी द्यायचं नाही, एवढी ती उतरली नव्हती.

हौसराव पाणी प्यायले. इकडंतिकडं पाहिलं. मग हळू म्हणाले, "तानुबाई, खाल्ली मी. शाळेची मेंढी खाल्ली. चूक झाली माझी. तुमच्या नातीचं शिक्षण गेलं. आता तरी एकदा माझ्या रानात बसवा. हा शेवटचा शाळू असेल माझ्या हातचा."

तानुबाईनं गाठ पुरी बांधली, दातांनी ताणून पाहिली. पदर कानांमागं खोचला.

"पंगतीत बसून खाल्ली, पाटील," ती म्हणाली, "आन् कबूल एकट्यात करताय व्हय?"

हौसराव काठी घेऊन उठले. ती त्यांना उतारापर्यंत पोचवायला गेली, कारण पाय लंगडा होता आणि वाट निसरडी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तानुबाईचा कळप नदीपार उतरला. हौसराव ओट्यावरून बघत होते. मेंढरं त्यांच्या रानाच्या दिशेनं आली, बांधापर्यंत आली. गड्यानं धावत येऊन सांगितलं, "मालक, म्हातारीनं वाघर लावली." हौसराव उठून बांधावर गेले. वाघर लागली होती खरी. त्यांच्या बांधाला अगदी चिकटून, पण बांधाच्या पलीकडं, सुभान मुलाण्यानं खंडानं कसायला घेतलेल्या तुकड्यात.